धुराड्यातली पोरं: यंत्र तयार होतं, तरी ७२ वर्षं

थंडी पडलीये, त्यामुळे आजचा विषय हिवाळ्यातल्या घरकामाचा. हसू नका. इतिहासाचा पॉडकास्ट आहे हे मला माहितीये, आणि इतिहासच सांगणार आहे.

आपल्याकडे हिवाळ्याची घरकामं म्हणजे रजया, गोधड्या उन्हात टाकणं, स्वेटरना डांबरगोळ्यांतून बाहेर काढणं आणि गिझर चालतोय का बघणं. माझा एक मित्र प्रोजेक्टसाठी इंग्लंडमध्ये आहे. त्याला घरमालकाने थंडी सुरू व्हायच्या आधी कामांची यादी पाठवली. छताच्या पन्हाळीतला पालापाचोळा काढणं, बॉयलर तपासून घेणं, उघड्या पाइपांना गुंडाळणं, आणि शेवटी एक ओळ: धुराडं साफ करायला माणूस येईल, त्या दिवशी घरी थांबा. मित्राने मला स्क्रीनशॉट टाकला आणि विचारलं, अजून हे काम असतं? असतं. आणि या एका ओळीमागे जवळजवळ शंभर वर्षांचं असं भांडण आहे की आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांनी तरी ते नक्की ऐकावं. सगळी टेक्नॉलॉजी तयार असतानासुद्धा ती वापरात का येत नाही, त्याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. स्वच्छ हा शब्द जरा चुकीचाच आहे म्हणा, कारण गोष्ट काजळीची आहे.

आधी शब्दाचं मिटवू. आपण चिमणी म्हणतो तेव्हा एक पक्षी असतो, एक रॉकेलचा दिवा असतो आणि एक कारखान्याची उंच नळी असते. घोळ नको, म्हणून मी आज धुराडं म्हणणार आहे.

धुराडं चालतं कसं? खाली शेकोटी पेटते, गरम हवा हलकी होऊन वर जाते, जाताना धूर ओढून नेते आणि तिच्या जागी खोलीतली ताजी हवा जाळाकडे येते. एवढंच. वाट मोकळी असेपर्यंत सगळं छान. वाट तुंबली की धूर खोलीत परततो, आणि त्याच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड, ज्याला ना रंग ना वास. शिवाय भिंतींना चिकटलेली काजळी स्वतःच पेट घेते आणि घर जळतं ते वेगळंच. जाता जाता सांगतो, बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावून अंघोळ करताना माणसं बेशुद्ध पडतात, जीव जातो, त्यामागचं शास्त्र अगदी हेच आहे. आपल्याकडे दर थंडीत अशी एखादी तरी बातमी येतेच. गॅस गिझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेर हवा आणि त्याच्या धुराला घराबाहेर जायची वाट हवी. हे काम आज करून टाका, भाग नंतर ऐका.

तर, लंडन. १६६६ मध्ये मोठी आग लागली, शहराचा मोठा भाग जळला आणि पुढची घरं विटांची, दगडांची झाली. जळण लाकडाकडून दगडी कोळशाकडे गेलं होतं. कोळशाला ओढ चांगली लागते, म्हणून धुराडी अरुंद झाली. घरं मजल्यावर मजले चढत गेली, प्रत्येक खोलीत शेकोटी, आणि सगळ्यांचा धूर भिंतींच्या आतून वळणं घेत, कधी आडवा, कधी तिरका, वर छतापर्यंत. अशा नळीचं नेहमीचं माप होतं १४ बाय ९ इंच. तुमच्याकडे १५-१६ इंची लॅपटॉप असेल तर तो बंद करून टेबलावर ठेवा. साधारण तेवढं भोक. काही नळ्या याहूनही लहान, ९ बाय ९ च्या.

या भोकातून वर कोण जाणार? मोठा माणूस शक्यच नाही. लहान मूल जाऊ शकतं.

इंग्रजीत त्यांना चढणारी पोरं म्हणायचे. चार, पाच, सहा वर्षांची मुलं. बरीचशी अनाथाश्रमातली किंवा अतिशय गरीब घरची. गावातल्या गरिबांची जबाबदारी तेव्हा स्थानिक चर्चच्या विभागावर, म्हणजे पॅरिशवर असायची. पॅरिशवाले अशा पोराला धुराडी साफ करणाऱ्या उस्तादाकडे शागीर्द म्हणून द्यायचे आणि वर उस्तादालाच पैसे द्यायचे. कारण खाणारं एक तोंड कमी झालं. म्हणजे उस्तादाला कामगार फुकट, वर बोनस. हा हिशोब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मूल चढायचं कसं? एक हात वर, हातात ब्रश. दुसरा हात अंगाशी. कोपर आणि गुडघे भिंतीला टेकवून सुरवंटासारखं इंचाइंचाने सरकायचं. डोळ्यांवर, तोंडावर टोपी ओढलेली, म्हणजे काजळी नाकातोंडात जाणार नाही. प्रत्यक्षात ती जायचीच. वर पोचल्यावर काम झालं असं नाही, उतरायचंही असतं, आणि उतरताना सदरा वर सरकून गोळा झाला किंवा गुडघे हनुवटीशी अडकले की मूल तिथेच रुतून बसायचं. घाबरून हालचाल केली की आणखी रुतायचं. वरची काजळी अंगावर कोसळली की श्वास बंद.

नवीन पोराची कातडी कोवळी असते, ती सोलवटायची. म्हणून ती 'तयार' करायची पद्धत होती. कोपरं आणि गुडघे कडक मिठाच्या पाण्याने चोळायचे, तेही पेटत्या शेकोटीजवळ उभं करून. हे मी कादंबरीतून सांगत नाहीये. १८६३ मध्ये सरकारी आयोगासमोर खुद्द धुराडी साफ करणाऱ्यांनीच दिलेल्या साक्षी आहेत. ही मुलं रात्री काजळीच्या गोण्यांवर आणि गोण्यांखालीच झोपायची. काजळी मौल्यवान होती बरं का, शेतकरी ती खत म्हणून विकत घ्यायचे. अंघोळ वर्षातून मोजून दोन-तीनदा, त्यातली एक नाताळला.

आणि सीझन कोणता? हिवाळा. थंडीत शेकोट्या रात्रंदिवस, त्यामुळे काजळीही दाबून. सफाई पहाटे, जाळ विझलेला असताना आणि मालक मंडळी उठायच्या आत. उन्हाळ्यात काम मंदावलं की यांतली बरीच पोरं रस्त्यावर भीक मागायची. १ मे हा त्यांचा सुट्टीचा दिवस असे, त्या दिवशी ती रंगीबेरंगी कपडे घालून नाचत फिरायची. आपल्या महाराष्ट्र दिनाशी आणि कामगार दिनाशी याचा संबंध नाही, तारीख तेवढी तीच.

आता एक डॉक्टर. पर्सिव्हल पॉट, लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलमधला सर्जन. त्याच्याकडे धुराडी साफ करणारे तरुण यायचे, अंडकोषाच्या कातडीवर जखम घेऊन. धंद्यातली माणसं तिला काजळीचा मस म्हणायची. बाकीचे डॉक्टर तो गुप्तरोग समजून पारा द्यायचे. पॉटने १७७५ मध्ये लिहिलं की हा कर्करोग आहे आणि तो त्या जागी साचून राहणाऱ्या काजळीमुळे होतो. एखाद्या कामामुळे विशिष्ट कर्करोग होतो हे वैद्यकशास्त्रात नोंदवलं गेलेलं हे पहिलं उदाहरण. काजळीतला, डांबरातला नेमका दोषी पदार्थ, बेंझोपायरीन, शास्त्रज्ञांनी वेगळा काढला तो १९३० च्या दशकात. म्हणजे कोड न वाचता नुसते लॉग बघून पॉटने बग पकडला होता, दीडशे वर्षं आधी. मला हा माणूस फार आवडतो.

पॉटच्या त्या लिखाणाच्या दोन वर्षं आधीपासून जोनास हॅनवे नावाचा व्यापारी या मुलांसाठी लिहीत, भांडत होता. १७८८ मध्ये पार्लमेंटने पहिला कायदा केला. आठ वर्षांखालचं मूल शागीर्द ठेवायचं नाही. एका उस्तादाकडे सहापेक्षा जास्त मुलं नकोत. टोपीवर उस्तादाच्या नावाची पितळी पट्टी हवी. पेटलेल्या धुराड्यात मूल पाठवायचं नाही. (हा नियम लिहावा लागला, यावरून समजा.) रविवारी चर्चला न्यायचं.

वाचायला बरा कायदा आहे. पण मूळ मसुद्यात एक कलम होतं: प्रत्येक उस्तादाने परवाना घ्यायचा. वरच्या सभागृहाने, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सने, नेमकं तेच कलम काढून टाकलं. आणि जन्माची सरकारी नोंदणी इंग्लंडमध्ये सुरू झाली ती १८३७ साली. तोवर मूल आठ वर्षांचं आहे हे ठरवणार कोण? उस्ताद म्हणेल ते वय. लॉगिन पेज बनवलं, पासवर्ड तपासायचा कोडच लिहिला नाही, असा प्रकार.

आता यंत्राकडे येतो. १८०३ मध्ये लंडनमध्ये एक संस्था निघाली, चढणाऱ्या पोरांची गरजच संपवायची हा तिचा उघड उद्देश. त्यांनी बक्षीस जाहीर केलं: धुराडं साफ करणारं यंत्र बनवा. जॉर्ज स्मार्ट नावाच्या माणसाने ते बनवलं. पोकळ नळ्यांचे तुकडे, त्यांतून ओवलेली दोरी, टोकाला ब्रश. खालून एकेक तुकडा जोडत वर ढकलायचा, दोरी ताणली की सगळं घट्ट होतं. पुढे १८२८ मध्ये ब्रिस्टलच्या जोसेफ ग्लासने त्यात सुधारणा केली, लवचिक वेताच्या काठ्या वापरल्या. वळणांतून वाकून जाणाऱ्या. आणि हे अगदी नवीन ज्ञान होतं असंही नाही. स्कॉटलंडमध्ये एडिनबराला माणसं छतावर चढून दोरीला शिशाचा गोळा आणि ब्रश बांधून वरून खाली सोडायची. तिथे मुलं आत पाठवायची पद्धतच नव्हती.

म्हणजे साधन आहे, स्वस्त आहे, चालतं. मग वापरत का नव्हते?

मुद्दा ऐका, कारण हा तुम्ही ऑफिसात शंभरदा ऐकला असेल. 'जुन्या सिस्टिममध्ये चालणार नाही.' जुन्या घरांतली धुराडी इतकी वाकडी आहेत की यंत्र जाणारच नाही, मूलच पाठवावं लागतं. सिडनी स्मिथ नावाचा धर्मगुरू होता, त्या काळातला मोठा विनोदी आणि उदारमतवादी लेखक. त्याने १८१९ मध्ये या मुलांच्या हालांवर लेख लिहिला, सगळे हाल तपशिलाने सांगितले आणि शेवटी निष्कर्ष काय काढला? की बंदीचं विधेयक फेटाळलं हे बरोबरच झालं, कारण काही धुराडी दुसऱ्या कशानेही साफ होणार नाहीत. मला यातला क्रूरपणा दिसण्याआधी त्यातली ओळखीची मीटिंग दिसते. सगळे मान हलवतात, सगळ्यांना वाईट वाटतं आणि मिनिट्समध्ये 'पुढच्या रिलीजमध्ये बघू' असं लिहिलं जातं.

गंमत म्हणजे हा दावा तपासला गेला होता. सरकारी बांधकाम खात्याच्या सर्व्हेअर जनरलने पाहणी केली. हिशोब असा निघाला की दर १००० धुराड्यांमधली ९१० जशी आहेत तशी यंत्राने व्यवस्थित साफ होतात. उरलेल्यांपैकी बहुतेकांना थोडीफार दुरुस्ती पुरते, वळणाच्या जागी छोटं लोखंडी दार बसवलं की झालं. खरोखर अडचणीची १०. शेकडा एक. त्या एका टक्क्याच्या नावावर बाकीच्या नव्याण्णवांतही मुलं चढत राहिली. १८१७ ते १८१९ मध्ये खालच्या सभागृहाने बंदीची विधेयकं मंजूर केली आणि वरच्या सभागृहाने ती पाडली. तिथे बसलेल्यांची घरं म्हणजे जुने वाडेच. दार बसवायचा खर्च त्यांच्याच खिशातून जाणार होता.

आणि तो पॅरिशचा हिशोब आठवतोय ना? यंत्र विकत घ्यावं लागतं. मूल येताना पैसे घेऊन येतं. घरातल्या बाया-नोकरांना वाटे की ब्रशने गालिच्यावर जास्त काजळी सांडते. उस्ताद म्हणायचा, साहेब, मुलाने केलेलं काम पक्कं, यंत्राचं काय सांगावं. गिऱ्हाईक म्हणायचं, बरं, मूलच पाठव.

पुढचे कायदे भराभर सांगतो, कारण ते एकासारखे एक आहेत. १८३४: मुलाने न्यायाधीशापुढे उभं राहून 'मी राजीखुशीने हे काम करतो' असं म्हणायचं. आठ-दहा वर्षांच्या पोराकडून 'आय अ‍ॅग्री'वर टिक करून घेणं, दुसरं काय. याच काळात चार्ल्स डिकन्सची 'ऑलिव्हर ट्विस्ट' आली, त्यात ऑलिव्हरला जवळजवळ अशाच एका उस्तादाच्या हवाली केलं जातं. १८४०: २१ वर्षांखालच्या कुणालाही धुराड्यात चढायला लावणं किंवा जाणूनबुजून चढू देणं गुन्हा. हा चांगला कडक कायदा होता, यात घरमालकही सापडू शकत होता. पण तक्रार करणार कोण? न्यायाधीश स्वतः जमीनदार, त्याच्याही घरी तीच धुराडी, तीच पोरं. लंडनमध्ये फरक पडला, बाकी कित्येक गावांत काही नाही. १८६३ च्या आयोगाला दिसलं की काही ठिकाणी मुलांची संख्या उलट वाढलीये. त्याच वर्षी चार्ल्स किंग्जलीचं 'द वॉटर बेबीज' आलं, धुराड्यातल्या टॉमची गोष्ट, लोक हळहळले. १८६४ मध्ये लॉर्ड शाफ्ट्सबरीने दंड आणि शिक्षा वाढवणारा आणखी एक कायदा करून घेतला. तोही कागदावरच.

फेब्रुवारी १८७५. केंब्रिजजवळ फुलबोर्न गावात मनोरुग्णांचं सरकारी इस्पितळ होतं. तिथली धुराडी साफ करायला विल्यम वायर नावाच्या उस्तादाने जॉर्ज ब्रूस्टरला आत पाठवलं. जॉर्ज ११ वर्षांचा होता. थोड्याच वेळात तो अडकला. भिंत फोडून त्याला बाहेर काढलं, पण तो वाचला नाही. वायरला सदोष मनुष्यवधासाठी सहा महिने सक्तमजुरी झाली.

लक्षात घ्या, हे घर कुणा कंजूष जमीनदाराचं नव्हतं, सरकारी इमारत होती. ज्या कामाला ३५ वर्षांपूर्वी बंदी आली, ते सरकारी इमारतीत चाललं होतं. वर्तमानपत्रांनी झोड उठवली. शाफ्ट्सबरी तेव्हा सत्तरीच्या पुढे होता, तो पुन्हा उभा राहिला आणि त्याच वर्षी नवा कायदा आला.

या कायद्यात नवीन काय होतं? दया नवीन नव्हती, दंड नवीन नव्हता. नवीन होतं ते एकच, म्हणजे खरं तर ८७ वर्षं जुनं: परवाना. धुराडी साफ करायचा धंदा करायचा तर दरवर्षी पोलिसांकडून प्रमाणपत्र घ्यायचं, आणि पोलिसांनीच लक्ष ठेवायचं. मूल चढवताना सापडलास तर प्रमाणपत्र रद्द, धंदा बंद. आधीच्या सगळ्या कायद्यांत कुणीतरी भला माणूस तक्रार घेऊन कोर्टात जाईल अशी आशा होती. आता तपासणं हे एका पगारी माणसाचं काम झालं. तोपर्यंत प्रत्येक परगण्यात पोलीस दल होतं, कारण १८५६ च्या कायद्याने ते सक्तीचं झालं होतं. आणि ३८ वर्षांपासून जन्माच्या नोंदी होत होत्या, म्हणजे वयही खोटं सांगता येईना. हॅनवेच्या काळात ही दोन्ही नव्हती. नुसतं ते परवान्याचं कलम १७८८ मध्ये राहिलं असतं तर तेव्हाच सगळं थांबलं असतं, असं मला वाटत नाही. पण सुरुवात झाली असती.

१८७५ नंतर मुलांना चढवणं बंद झालं. मग त्या 'अशक्य' धुराड्यांचं काय झालं? काही नाही. दारं बसवली, ब्रश घातले, साफ झाली. इंग्लंडमध्ये आज जो माणूस घरी येतो तो व्हॅक्युम आणतो, कॅमेरा आणतो, पण टोकाला ब्रश आणि एकाला एक जोडत जाणाऱ्या लवचिक काठ्या, ही कल्पना जोसेफ ग्लासचीच. फुलबोर्नमध्ये २०२५ साली, १५० वर्षांनी, जॉर्ज ब्रूस्टरच्या नावाची निळी पाटी लागली.

आता हे ऐकताना तुमच्यापैकी काहींच्या डोक्यात आपल्याकडची एक गोष्ट केव्हाच आली असणार. गटार आणि सेप्टिक टँक. मी ती ओढूनताणून आणत नाहीये, सांगाडा खरंच तोच आहे. १९९३ मध्ये हाताने मैला उचलायला लावण्यावर बंदीचा कायदा झाला. २०१३ मध्ये दुसरा कायदा आला आणि गटारात, सेप्टिक टँकमध्ये सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं त्यात आलं. पहिल्या गुन्ह्यालाच दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख द्यायला सांगितले, २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. २०१८ मध्ये केरळातल्या तरुण इंजिनिअरांनी मॅनहोल साफ करणारा रोबोट तिरुवनंतपुरमला कामाला लावला. सक्शनच्या गाड्या तर आपल्या गल्लीतही दिसतात. तरी माणसं उतरतायत, मरतायत. आणि विचारलं की उत्तर येतं: गल्ली अरुंद आहे, तिथे गाडी जात नाही.

१००० गल्ल्यांपैकी किती गल्ल्यांत जात नाही, हे कुणी मोजून दाखवलं तर मला त्यावर एक अख्खा भाग करायचाय. तुमच्या सोसायटीत चेंबर साफ करायचं कंत्राट कुणाला दिलंय, आत माणूस उतरतो की मशीन, आणि ते कुठे लिहिलेलं असतं का, एवढं बघून मला कळवा. सोसायटीचं नाव नको, फक्त माहिती. पुढच्या भागात भेटू.